मलिक अंबर : पाण्याचा उतार ओळखणारा प्रशासक

विशेष प्रतिनिधी

जालना - शहरे वसविणाऱ्या राजांची नावे इतिहासात पुष्कळ आढळतात. वसविलेल्या शहराला पाणी कोठून येणार, त्याला धान्य कोण पुरविणार आणि ही व्यवस्था आपल्यानंतर कशी टिकणार, याचा विचार तटबंदीच्या आधी करणारे राज्यकर्ते मात्र विरळच. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा अशा विरळ राज्यकर्त्यांपैकी एक होता. मे १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. २०२६ मध्ये त्या घटनेला चारशे वर्षे पूर्ण होतात. शालेय पुस्तकांतून तो आपल्याला भेटतो तो मोगलांना जेरीस आणणारा, गनिमी काव्याने लढणारा सेनापती म्हणून. परंतु मराठवाड्याच्या कोरड्या पठारावर त्याने उभी केलेली नगररचना, पाण्याची व्यवस्था आणि जमीन महसुलाची पद्धत पाहिली, की त्याची तलवार ही त्याच्या कर्तृत्वाची केवळ एक बाजू होती, हे ध्यानात येते.

जालना जिल्ह्याच्या दृष्टीने तर हे चरित्र अधिकच जवळचे आहे. मलिक अंबरच्या आयुष्यातील मोठा पराभव आजच्या बदनापूर तालुक्यातील रोषणगावच्या रणावर झाला. त्याने वसविलेली खडकी येथून जवळच. अवघा जिल्हाच १ मे १९८१ पर्यंत त्या शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा आणि परभणीचा भाग होता. शिवाय २०१२-१३ च्या दुष्काळात राज्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालन्याचे नाव अग्रभागी होते. मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, शहराला टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. २०२३ मध्ये जालना नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नगर मोठे झाले, की प्रशासनाने पहिले काम कोणते हाती घ्यावे, या प्रश्नाचे एक जुने उत्तर मलिक अंबरच्या चरित्रात सापडते.

हबश देशातून दख्खनेत

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगितले जाते. बालवयातच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदर, अरबस्तान आणि बगदाद असा प्रवास करीत आणि एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जात तो वाढला. यांपैकी एका मालकाने, मीर कासीम याने, त्याची बुद्धी ओळखून त्याला शिक्षण दिले आणि अंबर हे नावही त्यानेच ठेवले. अरबी-फारसी लेखनवाचन आणि हिशेब यांची जाण त्याला या काळातच आली.

पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतःही हबशी होता आणि गुलामीतूनच वर आला होता. दख्खनच्या सुलतानशाह्यांत हबशी गुलामांना सैन्यात व कारभारात मोठ्या जागा मिळत. गुलाम म्हणून आलेला माणूस सरदार होणे येथे अशक्य नव्हते. चंगेजखानाच्या हाताखाली अंबरने राज्यकारभार जवळून पाहिला. फौजेचे पगार, किल्ल्यांची रसद, परगण्यांची वसुली, दरबारातील गटबाजी हे सारे त्याने ऐन उमेदीच्या वयात अनुभवले. १५७४-७५ च्या सुमारास चंगेजखानाचा अंत झाला. त्याच्या विधवेने अंबरला गुलामीतून मुक्त केले.

मुक्ती मिळाली, पण आधार उरला नाही. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे त्याने लहानमोठ्या चाकऱ्यांत काढली. या काळात तो विजापूरच्या आदिलशाहीतही होता. मलिक ही पदवी त्याला तेथेच मिळाली. १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला, तेव्हा त्याचे वय पन्नाशीकडे झुकले होते. ज्या वयात त्या काळची माणसे निवृत्तीचा विचार करीत, त्या वयात या माणसाचे खरे आयुष्य सुरू झाले.

बुडत्या राज्याचा कारभारी

निजामशाहीची अवस्था तेव्हा बिकट होती. अकबराच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या होत्या. अकबराचा पुत्र मुराद १५९९ मध्ये जालन्याच्या परिसरातच मरण पावला. अबुल फजलही काही काळ जालन्यास मुक्कामाला होता. १६०० मध्ये चांदबिबीचा अंत झाला आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला. राज्य संपले असेच सर्वांना वाटले.

अशा वेळी मलिक अंबरने परंडा येथे निजामशाही घराण्यातील एका राजपुत्राला मुर्तजा या नावाने गादीवर बसविले, त्याला आपली मुलगी दिली आणि स्वतः कारभार हाती घेतला. राजू दख्खनी हा त्याचा प्रतिस्पर्धी होता; १६०७ च्या सुमारास त्याचा पाडाव करून अंबरने निजामशाहीची सूत्रे एकहाती घेतली. राजधानी आधी जुन्नरला आणि नंतर दौलताबादला नेली. १६१० मध्ये अहमदनगरचा किल्लाही त्याने परत मिळविला. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने या सुमारास अंबरच्या फौजेत हजारो हबशी आणि त्याहून कितीतरी अधिक दख्खनी स्वार असल्याची नोंद केली आहे.

या दख्खनी स्वारांत मराठ्यांचा मोठा भरणा होता. वेरूळचे भोसले, सिंदखेडचे जाधव अशी घराणी या काळात पुढे आली. वेगवान घोडदळाने शत्रूची रसद तोडायची, समोरासमोरची मोठी लढाई टाळायची, डोंगराळ मुलखाचा फायदा घ्यायचा ही बारगीरगिरी अंबरने पद्धतशीरपणे वापरली. परंतु नुसत्या छाप्यांवर राज्य चालत नाही, हे त्याला ठाऊक होते. फौजेला पगार हवा, पगाराला महसूल हवा, महसुलाला लागवड हवी आणि या सर्वांचा हिशेब ठेवणारे एक स्थिर ठाणे हवे. या गरजेतून खडकीचा जन्म झाला.

खडकीची निवड

दौलताबादचा किल्ला अभेद्य होता. पण किल्ल्याच्या पायथ्याशी मोठे शहर वाढू शकत नव्हते. तीन शतकांपूर्वी महंमद तुघलकाने दिल्लीची वस्ती तेथे आणून पाहिली होती आणि तो प्रयोग फसला होता. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास दौलताबादपासून जवळच, खाम नदीच्या काठी असलेल्या खडकी या लहानशा गावाची निवड केली. नावाप्रमाणेच ही जमीन खडकाळ. वरवर पाहता राजधानीला अयोग्य.

मात्र या जागेच्या उत्तरेला डोंगरांची रांग होती, त्या डोंगरांतून पावसाचे पाणी हर्सूलकडे उतरत होते आणि तेथून खडकीकडे जमिनीला सलग उतार होता. उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानला जोडणारे व्यापारी मार्गही या भागातून जात. बऱ्हाणपूर, जालना, पैठण, अहमदनगर ही सारी गावे काही मजलांच्या अंतरावर. शहराला लागणाऱ्या तीन गोष्टी, म्हणजे पाणी, रस्ता आणि आसपासचा पिकाऊ मुलूख, या एकाच ठिकाणी जुळून येत होत्या. जागेची ही पारख पुढच्या इतिहासाने खरी ठरविली.

अंबरने येथे मशिदी, वाडे, बाजार आणि सरकारी इमारती उभारल्या. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. नौखंडा महाल आणि चिताखाना याही त्याच्याच काळातील वास्तू. नगररचनेच्या दृष्टीने लक्षणीय बाब म्हणजे शहराभोवती वसलेले पुरे. मालोजींच्या नावाने मालपुरा, खेळोजींच्या नावाने खेळपुरा, परसोजींच्या नावाने परसपुरा, विठोजींच्या नावाने विठापुरा अशा वस्त्या येथे झाल्या. आपल्या मराठा सरदारांना छावणीतील तंबूऐवजी शहरातील घर देणे, हे केवळ औदार्य नव्हते. ज्याचे घर शहरात आहे, तो शहर राखण्यासाठी लढतो आणि त्याच्या आश्रयाने कारागीर, वाणी, सावकारही स्थिरावतात. वस्तीचा पाया अशा रीतीने घातला गेला.

जमिनीखालून आलेले पाणी

या शहराची खरी करामत मात्र जमिनीखाली होती. नहर-ए-अंबरी या नावाने ओळखली जाणारी पाण्याची व्यवस्था अंबरने १६१० नंतरच्या दशकात करून घेतली. हर्सूल परिसरातील नदीपात्राच्या खालून झिरपणारे पाणी दगडी बांधणीच्या भुयारात जमा करायचे आणि केवळ उताराच्या जोरावर ते शहरात आणायचे, अशी ही योजना. इराण आणि अरबस्तानात अशा भुयारी कालव्यांची परंपरा फार जुनी आहे. बालपणी व तारुण्यात त्या मुलखांत वावरलेल्या अंबरने तेथील पाण्याच्या युक्त्या पाहिल्या असणे स्वाभाविक आहे. परंतु दख्खनचा काळा कातळ आणि तेथील वाळवंटी जमीन यांत मोठा फरक. परदेशी तंत्र जसेच्या तसे न उचलता येथील दगडाला आणि उताराला जुळवून घेणे, हे या कामातील खरे कौशल्य होते. ही कल्पना मांडली, तेव्हा दरबारातील काही विद्वानांनी तिची थट्टा केली, अशी आख्यायिका आहे. काम पंधरा महिन्यांत पुरे झाल्याचेही परंपरेने सांगितले जाते.

नहरीची रचना साधी आणि विचारपूर्वक होती. भुयाराचा उतार फार तीव्र ठेवला, तर पाणी वेगाने धावून बांधकाम खरवडते. फार कमी ठेवला, तर गाळ बसून वाट बुजते. या दोहोंमधला उतार सर्व मार्गावर राखावा लागतो. भुयारावर ठरावीक अंतराने उच्छ्वास ठेवलेले होते. त्यांतून आत हवा खेळे, पाण्याची स्थिती पाहता येई आणि गरज पडली, तर माणूस आत उतरून गाळ काढू शके. पाणी जमिनीखालून येत असल्याने उन्हाळ्यातील बाष्पीभवन टळे, जनावरांची आणि सांडपाण्याची घाण त्यात मिसळत नसे आणि वेढा घालून बसलेल्या शत्रूला ते सहजासहजी तोडताही येत नसे. भडकल दरवाजाच्या परिसरातील गोमुखाजवळ पाणी येऊन तेथून ते वस्तीतील हौदांना मिळे. ना मोट, ना पंप, ना इंधन.

या एका नहरीने पुढे एक परंपराच निर्माण केली. मोगलकाळात आणि त्यानंतरही शहरात आणखी नहरी बांधल्या गेल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला पाणी पुरविणारी आणि त्याच पाण्याच्या धारेवर धान्य दळणारी पाणचक्की ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. ती अंबरच्या नंतरची आहे. या पुढच्या नहरींत मातीच्या खापरी नळांचा वापर झाला. नळातील दाब वाढून ते फुटू नयेत, म्हणून वाटेत उंच मनोरे बांधून हवा आणि दाब मोकळा करण्याची सोय केलेली दिसते. पण उताराने पाणी आणण्याचा धडा अंबरचाच.

मलिकंबरी धारा

शहर पाण्यावर वसते, पण जगते ते खेड्यांवर. हे नाते मलिक अंबरने जमीन महसुलाच्या व्यवस्थेत पक्के केले. त्याच्या आधी निजामशाहीत परगण्यांच्या वसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून हाती लागेल तेवढे वसूल करी. एक-दोन वर्षांचा मक्ता असलेल्या माणसाला जमिनीच्या भवितव्याशी काय कर्तव्य? दुष्काळ, लढाया आणि त्यावर ही पिळवणूक. शेतकरी गाव सोडून जात आणि जमिनी पड पडत.

अंबरने मक्त्याची पद्धत बंद केली. उत्तरेत तोडरमलाने केलेल्या व्यवस्थेचे तत्त्व समोर ठेवून त्याने जमिनीची पाहणी करवून घेतली, सुपीकतेनुसार तिची प्रत लावली आणि प्रत्यक्ष उत्पन्न पाहून सरकारचा वाटा ठरविला. प्रारंभी हा वाटा धान्यरूपाने, उत्पन्नाच्या सुमारे दोन पंचमांश होता. नंतर तो रोख रकमेत, सुमारे एक तृतीयांश किमतीइतका ठरविण्यात आला. त्या वर्षी जितकी जमीन लागवडीखाली असेल, तितक्यावरच आकार. पाटील आणि कुलकर्णी यांची वंशपरंपरागत वतने त्याने पूर्ववत केली आणि गावाच्या वसुलीची जबाबदारी गावातल्याच माणसांवर टाकली. महसुलाचे कागद सांभाळण्यासाठी हिशेबात तरबेज ब्राह्मण कारकून नेमले. कर्तृत्ववान माणूस कोणत्या जातीधर्माचा, यापेक्षा तो कोणत्या कामाचा, हे पाहण्याची दृष्टी त्याला स्वानुभवाने आली असावी.

या व्यवस्थेला लोक मलिकंबरी धारा म्हणू लागले. निजामशाही बुडाल्यानंतरही मराठी दप्तरांत या धाऱ्याचा उल्लेख पिढ्यानपिढ्या येत राहिला. पुणे परगण्यात दादोजी कोंडदेवांनी बसविलेली घडी असो किंवा त्यापुढील स्वराज्यातील महसुलाची व्यवस्था असो, मलिकंबरी आकार हा त्यांच्यासमोरचा एक आधार होता. एखाद्या राज्यकर्त्याचे नाव इमारतीवर कोरलेले राहणे वेगळे आणि शेतकऱ्याच्या खात्यावर लिहिलेले राहणे वेगळे. दुसरा मान फार थोड्यांना मिळतो.

रोषणगावचा पराभव

अंबरच्या या घडीला मोठा तडाखा बसला, तो आजच्या जालना जिल्ह्यात. जहांगीर बादशहाचा अंबरवरील रोष सर्वश्रुत होता. अबुल हसन या चित्रकाराने १६१६ च्या सुमारास काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण मारताना दाखविला आहे. प्रत्यक्षात ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. मात्र १६१६ च्या सुरुवातीला परिस्थिती अंबरवर उलटली. त्याच्या वागणुकीने दुखावलेले लखुजी जाधवांसारखे सरदार मोगलांना जाऊन मिळाले होते. मुलखाची माहिती असलेली माणसेच शत्रूच्या बाजूला गेल्यावर गनिमी काव्याचा जोर ओसरला. खानखानानचा मुलगा शाहनवाजखान वऱ्हाडातून फौज घेऊन आला आणि रोषणगावला दोन्ही फौजांची गाठ पडली. मधल्या नाल्याच्या चिखलात अंबरचे घोडदळ अडकले, मोगलांच्या बाणांनी आणि बंदुकांनी त्यांची दाणादाण उडविली आणि अंबरला माघार घ्यावी लागली.

मोगल फौज तेथून थेट खडकीवर गेली. अंबर हाती लागला नाही. तेव्हा फौजेने काही दिवस मुक्काम करून त्याचे शहर जाळले, वाडे पाडले. सहा वर्षांत उभे केलेले नगर राखेस मिळाले. अंबरने ते पुन्हा उभे केले. १६२१ मध्ये शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढील शाहजहान, याच्या मोहिमेत मोगलांनी खडकीचा दुसऱ्यांदा विध्वंस केला. दुसऱ्यांदाही ते शहर उभे राहिले.

नगरप्रशासनाचा विचार करणाऱ्याने येथे क्षणभर थांबावे. एकच शहर पाच वर्षांत दोनदा जळाले आणि तरीही त्याच जागी पुन्हा वसले, ते कशामुळे? लाकूड, वासे, छपरे जळाली. जमिनीखालची पाण्याची वाट जळण्यासारखी नव्हती. बाजार लुटला गेला. पण बाजाराला माल पुरविणारी खेडी आणि त्यांचा ठरलेला धारा जागेवर होता. सरदारांची घरे पडली. पण त्यांचे पुरे त्यांच्या नावावर होते. ज्या नगराचा पाया पाणी, पिकाऊ मुलूख आणि लोकांचा हक्क यांवर असतो, ते नगर आगीतून सावरते.

या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. शत्रूची रसद तोडण्यासाठी मुलूख उजाड करणे हा अंबरच्या युद्धपद्धतीचा भाग होता आणि त्याची झळ त्याच्याच रयतेला लागे. सत्तेच्या राजकारणातही तो निष्ठुर होता. मुर्तजा निजामशहाच्या मृत्यूचा दोष इतिहासकार त्याच्याकडेच देतात. लखुजी जाधवांसारखी माणसे तुटली, याचेही उत्तर त्यालाच द्यावे लागेल. कारभारी म्हणून तो जितका दूरदर्शी, तितकाच सरदारांचा मान राखण्यात कधीकधी तोकडा पडला आणि रोषणगावला त्याची किंमत मोजावी लागली.

जालन्याची जुनी पुंजी

पाण्याचे शहाणपण या भागात एकट्या अंबरपाशी होते, असे मात्र नाही. कुंडलिकाकाठच्या जालन्यात निजामशाहीचा अंमलदार जमशेदखान याने काळी मशीद, सराई आणि हमाम बांधला. शहराच्या पश्चिमेला मोती तलाव करून त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातील हौदांपर्यंत पोहोचविले. सोन्याचा पाळणा म्हणून मिरविणारे हे व्यापारी नगर वाढले, ते या पाण्यावर. सराई उतारूंसाठी, हमाम स्नानासाठी, हौद सर्वांसाठी आणि त्यामागे तलाव, असा हा सबंध विचार होता. पुढे नळ बुजले, हौद कोरडे पडले आणि व्यवस्था मोडीत निघाली. निजामाच्या राजवटीत बांधलेला घाणेवाडीचा जलाशय हीही याच परंपरेतील पुढची पायरी. त्याचे पाणी उतारानेच जालन्यात येते. अलीकडच्या काळात नागरिकांनी पुढाकार घेऊन या जलाशयातील गाळ काढण्याचे काम केले. जुन्या व्यवस्था निरुपयोगी झालेल्या नसतात, त्या दुर्लक्षित झालेल्या असतात, याचा तो प्रत्यय होता.

अखेरची वर्षे

डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रुके हा १६१७ मध्ये मलिक अंबरला भेटला होता. उंच, धिप्पाड, कठोर मुद्रेचा वृद्ध सेनापती असे त्याने अंबरचे वर्णन केले असून, त्याच्या मुलखातील कडक शिस्तीचीही नोंद केली आहे. वय सत्तरीच्या घरात असूनही अंबर छावण्यांतून हिंडत होता.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजा त्याच्यासमोर उभ्या ठाकल्या. संख्येने तो कमी होता. त्याने भातवडीचा तलाव फोडला. पाण्याने शत्रूच्या छावणीभोवती चिखल झाला, तोफा आणि घोडदळ निकामी झाले आणि अंबरने मोठा विजय मिळविला. शहाजीराजे भोसले यांनी या लढाईत पराक्रम गाजविला. त्यांचे बंधू शरीफजी येथेच धारातीर्थी पडले. रोषणगावला चिखलाने ज्याला हरविले, त्यानेच आठ वर्षांनी चिखलाचे शस्त्र केले.

यानंतर दीड-दोन वर्षांतच, मे १६२६ मध्ये, सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले. आयुष्यभर त्याच्याशी लढलेल्या मोगलांच्या दरबारी इतिहासकारानेही त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या लष्करी आणि मुलकी गुणांची मोकळेपणाने तारीफ केली. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. शेजारी त्याची पत्नी सिद्दी करिमा हिची. घुमट भक्कम आहे, पण थाट नाही.

त्याचा मुलगा फत्तेखान याने खडकीचे नाव फत्तेनगर ठेवले. त्याला राज्य राखता आले नाही. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने हेच शहर आपल्या कारभाराचे ठाणे केले आणि त्याला औरंगाबाद असे नाव दिले. २०२३ पासून जिल्हा व शहर छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. नाव तीन वेळा बदलले. जागा मात्र अंबरने निवडलेलीच राहिली. जिंकणाऱ्यालाही दुसरे शहर शोधावेसे वाटले नाही, हीच त्याच्या निवडीला मिळालेली पावती.

चारशे वर्षांनंतर

आज छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही दोन्ही शहरे जायकवाडीच्या नाथसागरावर अवलंबून आहेत. १९६५ मध्ये पायाभरणी झालेल्या आणि १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाने मराठवाड्याची तहान मोठ्या प्रमाणावर भागविली, हे निर्विवाद. लाखोंच्या वस्तीला केवळ नहरीवर जगता येणार नाही, हेही खरे. परंतु धरणाचे पाणी पंपांनी उचलून उंचावरील शहरात आणावे लागते. त्यासाठी वीज लागते, विजेसाठी पैसा लागतो; वीजबिल थकले किंवा जलवाहिनी फुटली, की शहराचा घसा कोरडा पडतो. ज्या शहरात उताराने येणारे जुने पाणी थोडे का होईना शिल्लक आहे, त्या शहराच्या प्रशासनाने ते सोडून देणे परवडणारे नाही.

नहरींची आजची अवस्था समाधानकारक नाही. काही ठिकाणी उच्छ्वासांवर बांधकामे झाली, कोठे रस्त्याच्या कामात भुयारे फुटली, कोठे सांडपाणी आत शिरले. जालन्यातील मोती तलावाचे नळ तर केव्हाच इतिहासजमा झाले. यांतील बहुतेक नुकसान शत्रूच्या फौजेने केलेले नाही. मोगलांनी दोनदा जाळूनही जी व्यवस्था टिकली, ती शांततेच्या काळात नकाशावर नोंद नसल्यामुळे, देखभालीचा माणूस नेमलेला नसल्यामुळे आणि परवाना देताना खाली काय आहे हे न पाहिल्यामुळे खिळखिळी झाली.

मलिक अंबरच्या कारभारातून आजच्या नगरप्रशासनाने घ्यावयाची गोष्ट नेमकी येथे आहे. त्याने आधी जमिनीचा उतार पाहिला आणि मग शहराची आखणी केली. त्याने पाणी आणताना गाळ काढण्याची वाटही त्याच वेळी ठेवली. त्याने शहराचा खर्च भागविणाऱ्या खेड्यांना मक्तेदाराच्या हाती सोडले नाही. जालना महानगरपालिका नव्याने आपला विकास आराखडा, आपले नळजाळे आणि आपली हद्द ठरवीत असताना कुंडलिका-सीना नद्यांची पात्रे, घाणेवाडीचे पाणलोट क्षेत्र, गावातील जुने तलाव आणि बारवा यांची नोंद आराखड्याच्या पहिल्या पानावर आली, तर पुढच्या दुष्काळात शहराला टँकरच्या रांगेकडे पाहण्याची वेळ थोडी उशिरा येईल.

रोषणगावच्या शिवारात आज त्या लढाईची खूण सांगणारे स्मारक शोधण्यापेक्षा तेथील नाल्यात पावसाचे किती पाणी अडते, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या वृद्ध वजिराला स्मरणाची ही रीत अधिक रुचली असती.